सायफर (डग्लस रॅमसी)

सायफर हे अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्सच्या कथाविश्वातील एका दुय्यम म्युटंट पात्राचे टोपणनाव आहे. त्याचे खरे नाव डग्लस रॅमसी असून सोबती त्याला डग म्हणतात. लेखक ख्रिस क्लेरमाँट आणि चित्रकार साल ब्युसेमा यांनी घडवलेले हे पात्र ‘न्यू म्युटंट्स’ या, तरुण म्युटंटांच्या त्याच नावाच्या गटाची कथा सांगणाऱ्या मासिकाच्या मार्च १९८४ च्या १३ व्या अंकात प्रथम आले. जन्मजात जनुकीय बदलामुळे ज्यांच्या अंगी, बहुधा वयात येताना, एखादी अलौकिक शक्ती प्रकट होते, अशांना या कथाविश्वात म्युटंट म्हणतात. डगची शक्ती भाषेची आहे. बोललेली, लिहिलेली, संगणकाची किंवा परग्रहावरची कोणतीही भाषा त्याला अल्पावधीत उमगते.

सायफर या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ सांकेतिक लिपी असा, तर दुसरा शून्य असा आहे. तो ज्या अरबी ‘सिफ्र’वरून आला, तो शब्द अरबी गणितज्ञांनी संस्कृतातील ‘शून्य’ या संज्ञेसाठी योजला होता. हे दोन्ही अर्थ या पात्राला लागू पडतात, कारण गूढ लिपी उलगडणाऱ्या या मुलाला वाचकांनी बराच काळ शून्यवतच लेखले.

डग हा एक्स-मेन या म्युटंट नायकांच्या गटातील किटी प्राइडचा मित्र. संगणक आणि व्हिडिओ गेम यांच्या आवडीतून दोघांची मैत्री जुळते, परंतु आपण म्युटंट आहोत याची त्याला स्वतःला कल्पना नसते. २१ व्या अंकात वॉरलॉक हा सजीव यंत्रासारख्या देहाचा परग्रहवासी पृथ्वीवर येतो आणि त्याचे बोलणे कोणालाच समजेना, तेव्हा न्यू म्युटंट्स गटाकडून मध्यरात्री डगला बोलावले जाते आणि पुढे तो त्या गटात सामील होतो. शक्तीचा उलगडा लढाईत न होता दुभाष्याचे काम करताना व्हावा, ही या प्रकारच्या कथांत दुर्मीळ गोष्ट होय. पुढे वॉरलॉक त्याचा जिवलग होतो. स्वतःचा उल्लेख ‘मी’ असा न करता ‘स्व’ असा करणारा हा जीव काही प्रसंगी डगच्या देहाशी एकरूप होतो आणि या मैत्रीच्या आधारानेच डग रणांगणात टिकाव धरू शकतो.

लेखक-चित्रकारांपुढची अडचण खरी होती. चित्रकथेत शक्ती डोळ्यांना दिसावी लागते. अग्नी, वीज, उड्डाण रेखाटता येते, पण आकलन कसे रेखाटणार? लढाईच्या वेळी डग आडोशाला उभा राहिलेला दिसे. चित्रकारांना तो रेखाटण्यात रस नव्हता आणि वाचकांची पत्रेही प्रतिकूल असत, असे क्लेरमाँटनंतर मालिका लिहिणाऱ्या लुईस सायमन्सन यांनी पुढे सांगितले आहे. १९८८ च्या आरंभी ६० व्या अंकात, रेन सिंक्लेअर या मैत्रिणीवर झाडलेली गोळी स्वतःच्या अंगावर घेऊन डग मरण पावतो. त्यानंतर मृत्यू म्हणजे काय हे न समजलेला वॉरलॉक मित्राचे शव उचलून नेतो आणि त्यात पुन्हा प्राण भरण्याची धडपड करतो. ज्याने आयुष्यभर इतरांचे म्हणणे समजावून दिले, तोच गेल्यामुळे मृत्यूचा अर्थ सांगणारे कोणी उरत नाही. या मालिकेतील इतका हृदयद्रावक प्रसंग शोधून सापडणार नाही.

१९९४ मध्ये डगलॉक नावाचे, डगचे रूप व स्मृती असलेले पात्र अवतरले. स्वतः डग मात्र २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘नेक्रोशा’ या कथानकात परतला. या काळातील लेखक झेब वेल्स यांनी भाषेची व्याख्याच रुंदावली. प्रतिस्पर्ध्याच्या देहबोलीवरून त्याचा पुढचा वार ओळखणे हेही एक वाचनच ठरले आणि पूर्वी आडोशाला राहणारा मुलगा एकट्याने आपल्या सहकाऱ्यांना भारी पडू लागला. ही युक्ती चतुर आहे, तथापि तिच्यामुळे भाषाज्ञान पुन्हा मारामारीच्या मापानेच मोजले जाते.

त्याला खरा न्याय २०१९ मध्ये जोनाथन हिकमन यांच्या लेखनाने दिला. त्यांनी म्युटंटांचे स्वतंत्र राष्ट्र क्राकोआ या सजीव बेटावर वसवले. बेट हाच एक म्युटंट असल्याने त्याच्याशी बोलल्यावाचून राष्ट्र उभेच राहू शकत नव्हते. डग बेटाचे म्हणणे समजून घेतो, त्याच्याशी बोलण्यासाठी सामायिक अशी नवी भाषा घडवतो आणि राज्यकारभार पाहणाऱ्या मंडळात त्याचा दुभाष्या म्हणून बसतो. या भाषेसाठी टॉम म्युलर यांनी रचलेली लिपी अंकांच्या पानांवर छापली जात असे. तिची चिन्हे इंग्रजी अक्षरांच्या जागी योजलेली असल्याने वाचकांना मजकूर स्वतः उलगडता येई, म्हणजे डगचे काम काही क्षण वाचकाच्या हाती येई. जे रेखाटता येत नव्हते, ते अशा रीतीने पानावर उतरले.

२०२० च्या ‘एक्स ऑफ सोर्ड्स’ या कथानकात डगचा विवाह बेई या योद्ध्या स्त्रीशी होतो. तिचे बोलणे त्याला कळत नाही. सर्व भाषांचे दार उघडे असलेल्या माणसाला न कळणारे एकमेव बोलणे त्याच्या पत्नीचे असावे, ही कल्पना विशेष उल्लेखनीय आहे, कारण तरीही त्या दोघांचे सहजीवन प्रेमाचे दाखवले आहे. २०२४ मध्ये अपोकॅलिप्स या प्राचीन म्युटंटाने डगला आपला वारस म्हणून निवडले.