पवनचक्कीखाली न सापडणारे पक्षी

पवनचक्क्यांवर वाद सुरू झाला की त्यात मांजर येतंच. 'पवनचक्कीपेक्षा मांजरं कितीतरी जास्त पक्षी मारतात!' आणि आकडे खरोखरच तसे आहेत. अमेरिकेसाठी 2013 मध्ये जे अंदाज आले त्यात मांजरांच्या नावावर वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी होते आणि पवनचक्क्यांच्या नावावर साधारण 1 लाख 40 हजार ते 3 लाख 28 हजार. पण कोण मेलं ते या आकड्यात कुठे दिसतं? मांजर सोनेरी गरुड मारत नाही. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट पासमध्ये 1980 च्या दशकात हजारो छोट्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि तिथे हेच गरुड पात्यांना धडकून मरायला लागले. हा पक्षी एका वेळी बहुतेकदा दोनच अंडी घालतो, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात, म्हणजे चिमण्यांची तूट भरून निघते तशी गरुडांची निघत नाही.

आणि मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच आहे. मेलेला पक्षी निदान टॉवरखाली सापडतो, मोजता येतो. जो पक्षी त्या जागी यायचाच बंद झाला त्याला कुठे मोजणार?

याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर एका सरड्याने दिलंय. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर बरीच वर्षं पवनचक्क्या आहेत, आणि तिथेच गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असलेला एक सुंदर सरडा राहतो. त्याचं शास्त्रीय नाव सारडा सुपर्बा, आणि हो, यातलं 'सारडा' आपल्या मराठी 'सरडा' या शब्दावरूनच घेतलंय! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्या असलेली आणि नसलेली ठिकाणं शेजारी-शेजारी ठेवून तपासली, ते काम 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या नसलेल्या भागात तिसा, कापशी घार असे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात ते कमी, त्यामुळे सरडे जास्त.

इथपर्यंत कुणालाही वाटेल की बरं झालं, सरड्यांची चंगळ झाली. पण पुढे बघा. वरून झडप घालणारं कुणी फारसं नाही म्हटल्यावर सरडे निर्धास्त झाले, माणूस बराच जवळ येईपर्यंत पळेनात, त्यांच्या रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं हार्मोन, तेही कमी भरलं. म्हणजे भीती फक्त वागण्यातून नाही, रक्तातूनसुद्धा उतरली. पण गर्दी वाढली की तेवढ्याच किड्यांवर जास्त तोंडं येतात, त्यामुळे हे सरडे अंगाने बारीक राहिले, आणि नराच्या गळ्यावरचे रंग फिकट पडले. ते रंग मादीला आणि प्रतिस्पर्धी नराला दाखवायचे असतात, शोभेचे नसतात, म्हणून ही गोष्ट लहान नाही. पात्याने एकाही सरड्याला हात लावलेला नाही, तरी त्याची संख्या, वागणूक, रक्त, रंग सगळं बदललं. याला ट्रॉफिक कॅस्केड म्हणतात, अन्नसाखळीच्या वरच्या कडीला धक्का लागला की तो खालपर्यंत उतरत जातो. आणि इथे तर पवनचक्की स्वतःच वरच्या शिकाऱ्याच्याही डोक्यावर जाऊन बसली.

जागेचा हिशोबही असाच फसवा असतो. अमेरिकेतल्या प्रकल्पांच्या 2009 च्या पाहणीत एका मेगावॉटमागे पाया, रस्ते वगैरेंसाठी कायमची अडलेली जमीन सरासरी 0.3 हेक्टरच्या आसपास निघाली, पण प्रकल्पाचा एकूण पसारा मेगावॉटमागे साधारण 34 हेक्टर. कंपनीच्या पत्रकात पहिला आकडा येतो, घारीच्या दृष्टीने मात्र दुसरा खरा.

जाता जाता, पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस पडू देत नाहीत, ही अफवा कृपा करून पुढे पाठवू नका. पाती वाऱ्यातली गतिज ऊर्जा घेतात, हवेतलं बाष्प नाही. मागची हवा ढवळली जाते आणि रात्री जमिनीलगत किंचित उबदारपणा येतो एवढं मोजलं गेलंय, पण त्याने दुष्काळ पडत नाही. खरे परिणाम समोर असताना खोट्यामागे लागलं की खऱ्याकडे कुणी बघत नाही.

आता वटवाघळं. तीही पवनचक्क्यांखाली मोठ्या संख्येने मरतात, आणि बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. पण इथे फिजिक्स मदतीला येतं. वस्तुमानाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे शाळेत शिकलोय. वाऱ्याच्या बाबतीत पात्यांमधून दर सेकंदाला किती हवा जाते तेही वेगावरच ठरतं, म्हणजे वेग अजून एकदा गुणायचा, आणि शक्ती जाते वेगाच्या घनात. सेकंदाला 10 मीटर वाऱ्यात जेवढी शक्ती असते त्याच्या आठव्या भागाएवढीच 5 मीटरला उरते. वटवाघळं जास्त करून मंद वाऱ्याच्या रात्रीच उडतात, म्हणजे नेमकी वीज नगण्य असते तेव्हा! मग पवनचक्की 3.5 ऐवजी 5 किंवा 6.5 मीटरला सुरू करायची, त्याआधी पाती वाऱ्याच्या धारेत वळवून जवळपास थांबवून ठेवायची. पेनसिल्व्हेनियातल्या कॅसलमन प्रकल्पात हे करून बघितलं, 2011 मध्ये निकाल छापले गेले. वटवाघळांचे मृत्यू 44 ते 93 टक्क्यांनी घटले आणि वर्षभराच्या विजेत घट 1 टक्का किंवा त्याहूनही कमी. त्यासाठी टॉवर हलवावा लागला नाही, सुरू होण्याचा आकडा बदलला एवढंच.

घारी-गरुडांसाठी हा घनाचा नियम उलटा पडतो, कारण ते दिवसा उडतात आणि डोंगराच्या कडेला वर चढणाऱ्या त्याच वाऱ्यावर तरंगतात ज्यासाठी कंपनीने ती कडा निवडलेली असते. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू 70 टक्क्यांहून जास्त घटल्याचं 2020 मध्ये आलं, फिरत्या पात्यांचा जो धूसर पडदा होतो तो त्यामुळे मोडतो म्हणून, पण रंगवलेल्या पवनचक्क्या होत्या फक्त चार. आणि रंगाने धडक टळते, टॉवर बघून निघून गेलेली कापशी घार परत येत नाही. तिच्यासाठी पाया खणायच्या आधीच त्या कड्यावर निदान दोन-तीन हंगाम दुर्बीण घेऊन बसावं लागतं, कोण कुठून उडतं आणि कुठे शिकार करतं ते नकाशावर मांडावं लागतं, आणि जिथे रेषा दाट होतात तिथली जागा सोडावी लागते, वारा कितीही चांगला असला तरी.