कुरळ्या केसाचं वळण कातडीखालीही असतं

माझ्या भाच्याचे केस लहानपणापासून घट्ट कुरळे, तेल चोपडलं तरी न बसणारे. तिशी ओलांडली आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून ते मागे हटायला लागले. गेल्या महिन्यात तो एका हेअर ट्रान्सप्लांट केंद्रात जाऊन आला. तिथल्या माणसाने मोबाइलवर डोक्याचे चार फोटो काढले, ‘३००० ग्राफ्ट (केसांचे पुंजके) लागतील’ असं सांगितलं आणि लगेच हप्त्यांची सोय समजावली. सांगलीला परतल्यावर भाचा म्हणाला, ‘‘मामा, टाके घालत नाहीत म्हणे, व्रणही राहत नाही. मग तेच करू की.’’

मी विचारलं, तुझा केस कातडीच्या आत कसा आहे हे कुणी पाहिलं का? कुणीच पाहिलं नव्हतं. मला राग आला तो याचाच, कारण केस असे घट्ट कुरळे असले की पद्धत निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा.

केस बाहेर आल्यावर कुरळा होत नाही, तो वळतच बाहेर येतो. सरळ केसाचं मूळ त्वचेत जवळजवळ सरळ नळीसारखं उतरतं. कुरळ्या केसाचं मूळ वाकलेलं असतं आणि त्याच्या तळाचा कंद एका अंगाला कललेला असतो. केस फारच कुरळा असेल तर अख्खं मूळ विळ्याच्या पात्यासारखं दिसतं. मुळाच्या दोन बाजूंच्या पेशी सारख्या वाढत नाहीत, म्हणून तयार होणारा केसही एका बाजूला ओढला जातो. आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सरळ केस साधारण गोल दिसतो आणि घट्ट कुरळा चपटा.

आता केंद्रांच्या जाहिरातींत असते ती एफयूई पद्धत पाहू. डोक्याच्या मागच्या भागातून एकेक ग्राफ्ट, म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका, साधारण ०.८ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचाने सुटा करून काढतात. डॉक्टरला केस दिसतो तो फक्त कातडीवरचा. खालची दिशा अंदाजाने धरायची. सरळ केसात अंदाज बरोबर येतो. वाकलेल्या मुळात मात्र सरळ घुसलेला पंच मधेच मूळ तोडतो. आपल्याकडे हळद काढताना पाहिलंय ना? पाला कापलेला असतो, गड्डा मातीखाली कुठे पसरलाय ते दिसत नाही. कुदळ बुंध्याशी सरळ मारली की हळकुंडं तुटून निघतात, म्हणून जाणती बाई जरा लांबून, तिरकी मारते. फरक इतकाच की तुटलेलं हळकुंड निदान शिजवता येतं. तुटलेलं केसाचं मूळ बहुतेकदा कायमचं गेलं, आणि मागच्या भागातली मुळं मोजकीच असतात.

दुसरी पद्धत जुनी, एफयूटी. यात मागच्या केसांसकट त्वचेची एक लांब, अरुंद पट्टी काढून जखम टाक्यांनी शिवतात. पट्टीचे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली सुटे केले जातात. इथे मूळ कुठे वळलंय ते डोळ्यांना दिसतं, त्यामुळे सुरी वळणाच्या कडेकडेने नेता येते. किंमत म्हणून डोक्यामागे एक रेघेसारखा व्रण राहतो. कुरळे केस थोडे वाढलेले असले तर ती रेघ छान झाकली जाते. मागून अगदी बारीक मशीन मारायची सवय असेल तर दिसते. ‘व्रणच नाही’ हा एफयूईचा दावाही खरा नाही. तिथे रेघेऐवजी शेकडो बारीक पांढुरके ठिपके उरतात.

म्हणजे घट्ट कुरळ्यांना एफयूई नकोच, असं मी म्हणणार नाही. थोडा मोठा किंवा बोथट कडेचा पंच, कमी खोली, धीमा हात, यांनी नुकसान बरंच टळतं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ सानुसी उमर यांनी तर आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी वक्र, न फिरणाऱ्या पंचाचा वापर करून दाखवला. पण ही वेगळं कसब लागणारी कामं आहेत. सरळ केसांवर हात बसलेल्या माणसाला ती आपोआप येत नाहीत.

म्हणून आधी चाचणी मागायची. कानामागून वीसेक ग्राफ्ट काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली आपल्यालाही दाखवायला सांगायचं. विसातले पाच तुटत असतील तर २००० ग्राफ्टच्या हिशेबात ५०० वाया गेले. मग पंच बदलायचा किंवा पट्टीचा विचार करायचा.

कुरळ्या केसांना एक देणगीही आहे, आणि केंद्रातल्या त्या माणसाने ती हिशेबातच धरली नाही. एक कुरळा केस सरळ केसापेक्षा जास्त जागा झाकतो, त्यामुळे तेवढ्याच दाटपणासाठी ग्राफ्ट कमी लागतात. २०२३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ टीना लसिसी आणि सहकाऱ्यांनी उष्णता मोजणाऱ्या पुतळ्याला वेगवेगळे टोप घालून तपासलं, तेव्हा कडक उन्हाची उष्णता डोक्यापर्यंत पोचू न देण्यात घट्ट कुरळे केस सर्वांत पुढे निघाले. आपल्या एप्रिल-मेमध्ये ही गोष्ट किती मोलाची!

लावलेला केस पुढेही कुरळाच उगवतो आणि टिकतो, याचं कारण न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५९ मध्ये मांडलं. मूळ जिथून आणलं तिथला स्वभाव ते सोडत नाही. तासगावच्या द्राक्षबागेत खुंट, म्हणजे खालचं मुळासकट खोड, डॉगरिज जातीचा असला तरी वर बांधलेल्या थॉमसन जातीच्या डोळ्याला थॉमसन द्राक्षच लागतं, तसंच काहीसं. मात्र आजूबाजूचे जुने केस गळायचे थांबत नाहीत. त्यासाठी औषध वेगळं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. लावलेले केसही पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा फुटतात आणि पूर्ण रूप यायला साधारण वर्ष जातं.

व्रणाचा स्वभाव विचारायला विसरू नये. काहींच्या त्वचेत जखम भरताना जखमेच्या बाहेरपर्यंत पसरणारी टणक गाठ येते, तिला कीलॉइड म्हणतात. कान टोचल्यावर पाळीला अशी गाठ आली होती का, लसीची खूण उचलून आलीय का, हे आधी सांगायचं. तसं असेल तर दोन्ही पद्धतींत धोका आहे. कुरळ्या केसांच्या पुरुषांना मानेवर केसांच्या मुळाशी टणक फोड येण्याचाही त्रास होतो. अगदी जवळून भादरलेला केस वळून पुन्हा कातडीत शिरतो आणि तो त्रास वाढतो. ग्राफ्ट मागूनच घ्यायचे असल्यामुळे आधी ते बरं व्हायला हवं.

हात कुणाचा आहे, हेही स्पष्ट विचारावं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहणं म्हणजे केशरोपणाचं प्रशिक्षण नव्हे.

भाच्याने आता मिरजेच्या एका त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय. मानेवर दोन-तीन फोड निघाले, ते आधी बरे करायचे, मग चाचणीचे वीस ग्राफ्ट. तोवर मागून वस्तरा लावायचा नाही, असं त्याने सलूनवाल्याला बजावून ठेवलंय.