ई-पुस्तकातील स्थिर आणि प्रवाही मांडणी

ई-पुस्तकाचे पान दोन प्रकारे रचतात. स्थिर मांडणीत ओळ कुठे तुटेल, चित्र कुठे बसेल, हे प्रकाशकच ठरवतो आणि ते कुठल्याही पडद्यावर तसेच राहते. प्रवाही मांडणीत पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी नव्याने पडतात. अक्षर केवढे हवे आणि दोन ओळींत किती अंतर हवे, हे वाचकाच्या हाती असते.

स्थिर मांडणीचे सर्वपरिचित रूप म्हणजे पीडीएफ. अडोबी कंपनीने १९९३ साली ते आणले, ते कागदपत्र कुठेही उघडले वा छापले तरी सारखेच उमटावे म्हणून. मोबाइलवर वाचण्याचा विचार त्यामागे नव्हता. प्रवाही मांडणीसाठी ईपब हे प्रमाणरूप २००७ मध्ये ठरले. त्याच्या पोटात वेबपानेच असतात, एका झिप फाइलमध्ये बांधलेली. पुढे ईपबमध्ये स्थिर पानांचीही सोय झाली.

ए-फोर आकाराचे पान २१० मिलिमीटर रुंद असते. ते सुमारे ७० मिलिमीटरच्या मोबाइल पडद्यावर बसवले की १२ पॉइंटचे अक्षर जेमतेम ४ पॉइंटचे उरते. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो, कारण अक्षराच्या वर रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असतात. पान मोठे करावे, तर एकेक ओळ वाचायला ते डावीउजवीकडे सरकवत बसावे लागते. मंददृष्टीच्या वाचकासाठी कादंबरी केवळ पीडीएफमध्ये देणे हा अन्यायच आहे.

तरीही मराठीत पीडीएफ फार. त्याचे एक मोठे कारण जुन्या फॉन्टांत आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, रुळण्यापूर्वी पुस्तके पेजमेकरसारख्या प्रणालींत अशा फॉन्टांत जुळवली जात, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातो, त्यामुळे पान नीट दिसते. पण मजकूर उचलून दुसरीकडे टाकला, की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला हाती येतो. अशा पुस्तकाचे ईपब करायचे तर आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यात रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात, म्हणून मुद्रितशोधन पुन्हा करावेच लागते. स्कॅन केलेल्या पुस्तकात तर पान हे निव्वळ चित्र असते. शिवाय अॅमेझॉनच्या किंडल या ई-वाचन यंत्रावर मराठी पुस्तकांची अधिकृत सोयही २०१६ मध्येच झाली.

चित्रमय बालपुस्तके, कॉमिक्स, नकाशे यांना स्थिर मांडणीच शोभते. कवितेचा प्रश्न नाजूक आहे: अक्षर मोठे केले की कवीची ओळ मध्येच मोडते. मोडलेला भाग थोडा आत सरकवून दाखवला, तर मूळ ओळ कुठे संपली ते कळते. चांगले प्रकाशक एवढी काळजी घेतात. अभ्यासकांची अडचण पृष्ठक्रमांकांची, कारण प्रवाही पुस्तकात ठरलेले पानच नसते. त्यासाठी छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक ईपबमध्ये खुणेसारखे पेरता येतात.