काटा बरोबर आहे, वजनही वाढलंय : घाबरण्याआधी हे वाचा
(आमच्या व्यायामशाळेच्या सर्व सभासदांसाठी)

दिवाळीनंतर आणि जानेवारीत नवे सभासद येतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांच्यातलं कोणी ना कोणी काउंटरपाशी येऊन हळूच विचारतं, "सर, वजन वाढलंय माझं. तुमचा काटा बरोबर आहे ना?" गेल्या वर्षी हा प्रश्न इतक्यांदा आला, की तो कागदावर छापून ठेवावा असं ठरलं.

परळहून येणाऱ्या एक काकू सकाळी सातच्या बॅचला असतात. त्या पहिल्या दिवशी ६८.४ किलो भरल्या. दहा दिवस एकही खाडा नाही, शिवाय संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या. दहाव्या दिवशी काटा ६९.७ वर. त्यांनी त्याच रात्रीपासून जेवण बंद केलं आणि चौथ्या दिवशी वर्गात चक्कर येऊन मॅटवर बसल्या. वजनाने काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते उपाशी राहिल्याने.

जरा हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे काकूंच्या त्या १.३ किलोला दहा हजार. दहा दिवसांत एवढी चरबी चढायला नेहमीच्या जेवणावर रोज तीन-चार वडापाव जादा खायला हवेत. काकूंनी खाल्ले नव्हते, विचारलं आम्ही. मग वाढलं काय?

पाणी

बहुतेक वेळा पाणीच. ते तीन वाटांनी साठतं.

सवय नसताना बैठका काढल्या, वजनं उचलली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. पुलाचा जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा झालेली असते आणि ती भरून काढायला शरीर तिथे पाणी आणतं, मुरगळलेला घोटा सुजतो तसंच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. अंग आंबलेल्या दिवसांत काटा वर दिसणारच.

दुसरी वाट साठवणीची. भात-पोळीतली साखर स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. व्यायाम वाढला की स्नायू ही कोठी मोठी करतात. साठा १५० ग्रॅमने वाढला तर पाण्यासकट ६०० ग्रॅम झाले. आठवडाभर भात सोडणाऱ्याचं वजन झरझर उतरतं आणि रविवारी एकदा जेवला की परत येतं, ते याच कोठीमुळे.

तिसरी, नियमित चालण्या-धावण्याने रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. हे तर चांगलंच आहे, हृदयाचं काम हलकं होतं.

याच्या जोडीला मुंबईचा घाम. घाम गेला म्हणून लोक मीठ-लिंबू पाणी पितात, वर पापड-लोणचं-फरसाण असतंच. मीठ पाणी धरून ठेवतं. बायकांना पाळीच्या आधीचे काही दिवस किलो-दीड किलो जास्त दिसू शकतं. आणि वर्गानंतर अर्धा किलो उतरलेला दिसला तर तेही पाणीच, पेढे वाटू नका!

"स्नायू वाढले असतील" असं कोणी सांगितलं तर

आमच्या धंद्यातलं हे लाडकं उत्तर. ग्राहक खूश होतो आणि पुढची फी भरतो. पण तीन आठवड्यांत दीड किलो स्नायू कोणाचे वाढत नाहीत. नव्या माणसाने मन लावून केलं, नीट खाल्लं, तर महिन्याला अर्धा किलो म्हणजे पुष्कळ, बायकांमध्ये त्याहून कमी. चरबीचा स्नायू होतो हेही खरं नाही. दोन्ही निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेत असाल तर किलो-दोन किलो वाढ त्याची, तीही पाण्याचीच. आम्ही काउंटरवर कुठलीच पावडर विकत नाही, कोणी ट्रेनर गळ्यात मारू लागला तर आम्हाला सांगा.

महिना-दीड महिना झाला तरी उतरत नाही?

मग खाण्याकडे बघावं लागेल. साठ-पासष्ट किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. आमच्या दारासमोरचा एक वडापाव जवळपास तेवढ्याचाच. व्यायामाने भूक वाढते आणि 'आज केलंय ना' म्हणून हातही सैल सुटतो. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वर उसाचा रस, आणि म्हणायचं काहीच खाल्लं नाही! दुसरी गंमत अशी, की सकाळी तास घालवला म्हणून माणूस उरलेला दिवस हलत नाही. स्टेशनपर्यंत चालणारा शेअर टॅक्सीत बसतो, दुसऱ्या मजल्यालाही लिफ्ट घेतो. खाल्लेलं चार दिवस वहीत लिहून आणा, चहातल्या साखरेसकट. आम्ही रागावत नाही.

डॉक्टरांकडे कधी

पायावर बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, आडवं झाल्यावर धाप लागत असेल, दोन-तीन दिवसांत अचानक दोन किलो चढले असतील, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. जबर व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर तडक हॉस्पिटल. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असू शकते. सतत थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ असेल तर थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी करून घ्या. पाळी अनियमित असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही गोळ्या यांनीही वजन वाढतं. औषध स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर चिठ्ठी दाखवा, तेवढे दिवस सभासदत्वाची मुदत पुढे सरकवून देऊ.

काटा कसा वापरायचा

आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. घरी काटा फरशीवर ठेवा, चटईवर नको. सकाळ-संध्याकाळमध्ये किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. पूर्वी स्टेशनवर रंगीत दिव्यांच्या मशीनमध्ये नाणं टाकलं की तिकीट यायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लोक भविष्य हसून सोडून देत. एका दिवसाचं वजनही तेवढंच मनावर घ्या.

त्याहून टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट न ओढता मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक मानतात. त्या काकू पहिल्या दिवशी ९४ होत्या. दीड महिन्याने वजन ६८.१, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे, आणि कंबर ९०.५. ब्लाउजच्या शिवणी आत घ्याव्या लागल्या हे त्यांनी स्वतः येऊन सांगितलं.

टेप काउंटरच्या पहिल्या खणात आहे. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला दोन्ही बॅचच्या आधी माप घेतो. बायकांचं माप बाई ट्रेनर घेतात. काटा आम्ही दाराजवळून हलवून आतल्या खोलीत ठेवला आहे, जाता-येता उभं राहायची सवय मोडावी म्हणून.