कॅन्सरचं औषध कुणी दडवलेलं नाही

‘औषध कधीच सापडलंय, कंपन्या दडवतात’ हे परळला टाटा हॉस्पिटलबाहेर थांबलेले नातेवाईकही बोलतात. हे खरं नाही.

आतड्याच्या कॅन्सरचंच घ्या. सुमारे 40 टक्के रुग्णांच्या गाठीत के-रास जनुक बिघडलेलं असतं, हे 1980च्या दशकापासून माहीत आहे. पण त्याच्या प्रथिनावर औषधाला पकड घ्यायला खाचच मिळेना. ती 2013 साली मिळाली, तीही जी12सी या एकाच बिघाडात (आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरात तीन-चार जणांना). शिवाय त्या खाचेत बसणारं, फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये चाललेलं औषध आतड्यात एकटं तोकडं पडलं, कारण पेशी ईजीएफआरच्या (पेशीला वाढीचा संदेश देणारं प्रथिन) वाटेने पुन्हा वाढतात. मग ईजीएफआर रोखणारं औषध सोबत देणारं जोडऔषध आलं. अमेरिकेत मंजुरी 2024 मध्ये.

पीएचडीनंतरची उमेदीची वर्षं यात घालणाऱ्यांवर दडवादडवीचा आरोप हा अन्याय आहे. जास्त रुग्णांत आढळणाऱ्या जी12डी या के-रासच्याच दुसऱ्या बिघाडावरच्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत.