पाणी पुरवणं वेगळं, घाम वाचवणं वेगळं

वाळवंटात एकटं अडकल्यावर काय करायचं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: पाणी घोटाघोटाने पुरवून प्या. ही काटकसर आपल्याला कुणी शिकवायला नको. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात लहान पोरांनाही ती येते. पण वाळवंटात पुरवायचा असतो तो घाम, आणि सगळा घोळ इथेच आहे.

तुम्ही किती प्यायलात हे पाहून घाम ठरत नाही. ऊन किती आणि तुम्ही किती हलता, यावर तो ठरतो. पाणी कमी प्यायलं तरी घाम जवळपास तेवढाच येत राहतो, फक्त तो रक्तातल्या पाण्यातून जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अ‍ॅडॉल्फ या शरीरशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर हे मोजून दाखवलं. भर उन्हात चालणारा माणूस तासाला साधारण 1 लिटर घाम गमावतो. सावलीत बसलेला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. बाटलीत राखलेलं पाणी मेंदूला आणि हृदयाला काही देत नाही, म्हणून तहान लागली की नीट प्या. पाणी शिल्लक असताना माणसं मेलेली सापडली आहेत.

थरच्या वाळवंटासारख्या कोरड्या हवेत फसायला होतं, कारण घाम दिसतच नाही. कातडीवर येताक्षणी तो उडतो. सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग पडतात तेव्हा कुठे कळतं. आणि कृपा करून सदरा काढू नका! उघड्या अंगावर ऊन थेट पडतं आणि घाम वाढतो. पूर्ण बाह्यांचं सैल सुती कापड आणि डोक्याला फडकं हवंच.

मॉरो प्रोस्पेरी हा इटालियन धावपटू 1994 मध्ये मोरोक्कोतल्या शर्यतीत वादळात भरकटला आणि कित्येक दिवसांनी अल्जीरियात जिवंत सापडला. त्याने लघवी प्यायली, वटवाघळं खाल्ली, एवढंच सगळे चवीने सांगतात. तो पहाटे आणि संध्याकाळी चालायचा, दुपारी सावलीत पडून राहायचा, हे कामाचं असून कुणी सांगत नाही. लघवीतलं मीठ बाहेर टाकायला शरीराला पुन्हा पाणीच लागतं.

थोर कापून पाणी मिळत नाही. पांढरा चीक निघतो, तो तोंड आणि डोळे भाजतो.

गाडी बंद पडली असेल तर तिच्याजवळच थांबा, ती लांबून दिसते. पण आत बसू नका, पत्रा तापतो. गाडीच्या सावलीत वरची तापलेली वाळू उकरून बाजूला सारा आणि खालच्या गार थरावर आडवे व्हा. रस्ता कुठे आहे हे खात्रीने माहीत असेल तरच निघा, तेही सूर्य मावळल्यावर.