ओह्रिद

ओह्रिद : उत्तर मॅसिडोनियाच्या नैर्ऋत्य भागातील प्राचीन शहर आणि बाल्कन प्रदेशातील स्लाव्ह विद्येचे आद्य केंद्र. लोकसंख्या सुमारे ३९,००० (२०२१). राजधानी स्कॉप्येपासून रस्त्याने सुमारे १७० किमी. अंतरावर, याच नावाच्या सरोवराच्या ईशान्य काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मी. उंचीवर ते वसले आहे. जुने गाव टेकडीच्या उतारावर असून माथ्यावर किल्ला, मधल्या भागात चर्चे व घरे आणि पायथ्याशी बाजार व होड्यांचा धक्का अशी त्याची रचना आहे. यूनेस्कोने १९७९ मध्ये आधी सरोवराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. शहराचा समावेश १९८० मध्ये झाला आणि अल्बानियाकडील किनारा २०१९ मध्ये त्यास जोडण्यात आला. निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर यादीत आलेली स्थळे जगात थोडीच आहेत.

नाव : या ठिकाणचे प्राचीन नगर लिखनिडॉस (लॅटिन रूप लिखनिडुस) होय. त्याची स्थाननिश्चिती पूर्वी वादग्रस्त होती. परंतु प्राचीन नाट्यगृह, दफनभूमी व प्लाओश्निक (शहराच्या टेकडीवरील प्राचीन स्थळ) येथील उत्खननांनंतर ते आजच्या ओह्रिदच्या जागीच होते, याबद्दल फारशी शंका उरलेली नाही. ‘लिखनॉस’ म्हणजे दिवा या ग्रीक शब्दावरून ‘प्रकाशाचे नगर’ असा अर्थ स्थानिक माहितीपत्रकांत आवर्जून देतात. मात्र नाव ग्रीकपूर्व असून ग्रीकांनी त्याला आपल्या भाषेतील ओळखीच्या शब्दाचे रूप दिले असणे अधिक संभवनीय आहे. ‘ओह्रिद’ या रूपाबद्दल दोन मते आहेत. स्लाव्ह भाषांत ‘ह्रिद’ म्हणजे कडा. त्यावरून ‘कड्यावरचे गाव’ ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे आणि सरोवरात उतरणारा खडक पाहताना ती पटतेही. दुसऱ्या मतानुसार लिखनिडॉस हेच नाव आजच्या अल्बानियन भाषेच्या पूर्वरूपातून झिजत स्लाव्हांपर्यंत पोहोचले. ध्वनिबदलांच्या दृष्टीने हे मत जास्त भक्कम वाटते, कारण त्यात नावाची परंपरा तुटत नाही. स्लाव्ह रूपाचा सर्वांत जुना उल्लेख सामान्यतः ८७९ च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मपरिषदेच्या कागदपत्रांत मानला जातो.

सरोवर : क्षेत्रफळ सुमारे ३५८ चौ. किमी.; कमाल खोली २८८ मी. सुमारे दोनतृतीयांश भाग उत्तर मॅसिडोनियात, उरलेला अल्बानियात. भूकवच खचून तयार झालेल्या खोलगटात ते साचलेले आहे. त्याचे वय पूर्वीच्या ग्रंथांत २० लाखांपासून ५० लाख वर्षांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक दिलेले आढळते. २०१३ मध्ये सरोवराच्या मध्यभागी आंतरराष्ट्रीय पथकाने तळाचा गाळ सुमारे ५८० मी. खोलीपर्यंत छेदला. त्यातील ज्वालामुखी राखेचे थर व चुंबकीय नोंदी यांवरून सरोवर सुमारे १३·६ लाख वर्षांपूर्वी अस्तित्वात आले, असे अनुमान निघाले असून आता तेच ग्राह्य धरावे. या मताने आकडा कमी झाला तरी सरोवराचे महत्त्व कमी होत नाही. जगातील बहुतेक सरोवरे काही हजार ते लाखभर वर्षांत गाळाने भरून जातात. हे युरोपातील सर्वांत जुने सरोवर सलग टिकले. म्हणूनच येथे गोगलगायी, स्पंज, चपटकृमी, मासे इत्यादींच्या दोनशेहून अधिक प्रदेशनिष्ठ (केवळ येथेच सापडणाऱ्या) जाती आढळतात.

सरोवराला मोठी नदी मिळत नाही. सुमारे निम्मे पाणी झऱ्यांतून येते आणि त्यातील बऱ्याच पाण्याचा उगम डोंगरापलीकडे आहे. गालिचित्सा पर्वताच्या पूर्वेस प्रेस्पा हे दुसरे सरोवर सुमारे १५० मी. अधिक उंचीवर आहे. पर्वत चुनखडकाचा असल्याने प्रेस्पाचे पाणी त्यातील विवरांमधून मुरत येऊन ओह्रिदच्या काठी वर येते. हा संबंध लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. समस्थानिकांच्या व पाण्यात सोडलेल्या रंगद्रव्यांच्या परीक्षणांनी त्यास दुजोरा मिळाला. प्रेस्पातील शेतीची खते अखेर कोठे पोहोचतात, हा प्रश्न त्यामुळेच गंभीर आहे. सरोवराचे पाणी स्त्रुगा गावी काळी द्रीन (त्स्र्न द्रिम) नदीवाटे बाहेर पडते. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सातेस्का नदीचा प्रवाह वळवून सरोवरात सोडण्यात आला. त्याने येणारा गाळ व सांडपाणी ही आजची मोठी चिंता आहे.

प्राचीन इतिहास : इलिरियन गटातील डास्सारेती लोकांचे हे नगर. त्याची स्थापना फिनिशियाच्या कॅडमसने केली, ही ग्रीक दंतकथा. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने या सरोवरापर्यंत सत्ता वाढविल्याचे ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो. लिव्हीच्या रोमन इतिहासात हे लष्करी ठाणे म्हणून येते. एड्रिअॅटिक किनाऱ्याला कॉन्स्टँटिनोपलशी जोडणारा ‘व्हिआ एग्नाटिआ’ हा रोमन हमरस्ता येथूनच जात असल्याने व्यापार व ख्रिस्ती धर्म दोन्ही लवकर आले. पाचव्या–सहाव्या शतकांतील अनेक बॅसिलिकांचे अवशेष सापडले आहेत. प्लाओश्निक येथील बाप्तिस्मागृहाच्या कुट्टिमचित्रांत (मोझेक) स्वर्गातील चार नद्यांबरोबर स्वस्तिकेही आहेत. भारतीय पर्यटक तेथे हमखास थबकतात. परंतु ग्रीक-रोमन कुट्टिमकामात ही आकृती सर्रास येत असल्याने तीवरून भारताशी संबंध जोडता येत नाही. सहाव्या शतकात लिखनिडॉस भूकंपात उद्ध्वस्त झाल्याचे बायझंटिन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. त्यानंतर सुमारे तीन शतके लिखित साधने जवळजवळ गप्प आहेत.

क्लेमेंट, नाउम आणि लिपीचा प्रश्न : सिरिल व मेथोडियस या बंधूंनी स्लाव्ह भाषेसाठी नवव्या शतकात लिपी तयार करून धर्मग्रंथ भाषांतरिले. मेथोडियसच्या मृत्यूनंतर (८८५) मोराव्हियातून (आजच्या चेक प्रदेशाच्या परिसरातील राज्य) त्यांच्या शिष्यांना हाकलण्यात आले. त्यांपैकी क्लेमेंट हा बल्गेरियाचा राजा बोरिस याच्या आश्रयास आला आणि ८८६ च्या सुमारास या भागात अध्यापनासाठी पाठविला गेला. त्याने ३,५०० शिष्य तयार केले, असे त्याचे विस्तृत चरित्र म्हणते. हा आकडा चरित्रकारांच्या रीतीने वाढविलेला असू शकतो. ८९३ मध्ये तो बिशप झाला आणि त्याची जागा सहकारी नाउम याने घेतली. नाउम ९१० मध्ये व क्लेमेंट ९१६ मध्ये मरण पावला. क्लेमेंटने ग्रीक प्रदेशातून चांगल्या फळझाडांच्या काड्या आणवून येथील रानझाडांवर कलमे केली, असेही हेच चरित्र नोंदवते. अक्षरे आणि कलमे एकाच माणसाच्या नावावर आहेत, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

‘सिरिलिक लिपी (आज रशियन, बल्गेरियन इ. भाषांची) ओह्रिदला जन्मली’ हे विधान आजही पर्यटनाच्या पुस्तिकांत सर्वत्र दिसते. त्याचा मुख्य आधार क्लेमेंटचे लघुचरित्र हा आहे. तेराव्या शतकातील आर्चबिशप डेमेट्रिऑस खोमातिआनॉस याचे म्हणून ते समजले जाते आणि त्यात क्लेमेंटने सिरिलच्या अक्षरांहून अधिक सुस्पष्ट अशी वेगळी अक्षरे योजल्याचे म्हटले आहे. परंतु हे लेखन घटनेनंतर तीन शतकांनी झालेले आहे. जुन्या, विस्तृत चरित्रात असा उल्लेख नाही. ते आर्चबिशप थिओफिलॅक्ट याने जुन्या स्लाव्ह चरित्राच्या आधारे रचले, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि क्लेमेंटच्या नावावर नवी लिपी असती, तर ती त्यातून सुटली नसती. शिवाय सिरिलने रचलेली लिपी ग्लॅगोलिटिक होती, हे आता सर्वमान्य आहे आणि ओह्रिदशी जोडली जाणारी जुनी हस्तलिखिते, उदा., ‘कोडेक्स अस्सेमानिआनुस’, याच लिपीत आहेत. सिरिलिकचे आरंभीचे कोरीव लेख बहुतांशी पूर्व बल्गेरियात, प्रेस्लाव्ह या राजधानीच्या परिसरात सापडतात. तेथे ग्रीक मोठ्या अक्षरांत स्लाव्ह ध्वनींसाठी काही चिन्हे मिळवून ती लिपी सिद्ध झाली असावी. या पुराव्यांवरून असे म्हणणे योग्य ठरेल की ओह्रिदने गुरूची मूळ लिपी अधिक काळ जपली आणि प्रेस्लाव्हने नवी स्वीकारली. ९९३ मध्ये सॅम्युएल राजाने आपल्या मातापित्यांच्या व भावाच्या स्मरणार्थ प्रेस्पाकाठी कोरविलेला लेख सिरिलिकमध्ये आहे. म्हणजे तोपर्यंत ती या बाजूलाही रुळली होती. लघुचरित्रातील वाक्य पूर्ण निराधार आहे, असे मात्र म्हणवत नाही. क्लेमेंटने ग्लॅगोलिटिकचीच अक्षरे सोपी केली, असाही त्याचा अर्थ लावण्यात आला आहे. सिरिलिकचे श्रेय काढून घेतल्याने ओह्रिदचे काही उणे होत नाही. लिपी शोधण्याइतकेच ती हजारोंना शिकविणे मोठे आहे.

मध्ययुग : सॅम्युएलच्या काळात ओह्रिद राजधानी होते; टेकडीवरील तट आज त्याच्याच नावाने ओळखला जातो, जरी त्याखाली जुनी तटबंदी आहे. त्याच्या राज्याला बल्गेरियन म्हणावे की मॅसिडोनियन, हा विसाव्या शतकातील वाद आहे. समकालीन बायझंटिन लेखक त्यास बल्गेरियनच म्हणतात. १०१८ मध्ये शहर बायझंटिन सम्राट दुसरा बेसिल याच्याकडे गेले. त्याने येथे स्वायत्त आर्चबिशपपीठ ठेवले. ते साडेसात शतके, १७६७ पर्यंत, टिकले. थिओफिलॅक्टची पत्रे या पीठाच्या इतिहासाचे मोलाचे साधन होय. कॉन्स्टँटिनोपलच्या सहवासाला मुकलेल्या विद्वानाची व्याकुळता त्यांत दाटलेली आहे.

सेंट सोफिया हे पीठाचे मुख्य चर्च आर्चबिशप लिओ (कार. १०३७–५६) याने उभारले किंवा नव्याने बांधले. १०५३ मध्ये याच लिओने रोमन चर्च प्रभुभोजनाच्या विधीत वापरीत असलेल्या बेखमीर भाकरीवर टीका करणारे पत्र पाठविले आणि पुढच्याच वर्षी पूर्व व पश्चिम चर्चमध्ये फूट पडली. चर्चच्या गर्भभागातील भित्तिचित्रात ख्रिस्त हाती खमिराची भाकरी धरून शिष्यांपुढे उभा आहे. या चित्राचा लिओच्या वादाशी संबंध असल्याचे कलेतिहासकार मानतात. तुर्की अमलात चर्चची मशीद झाली आणि चित्रांवर चुना चढला. त्या चुन्याखालीच रंग वाचले. १९५० च्या दशकात तो काढण्यात आला.

टेकडीवरील व्हर्जिन पेरिब्लेप्टॉसचे चर्च (१२९५) प्रोगॉन झ्गूर या बायझंटिन सरदाराने बांधविले. येथील चित्रकार मिखाएल अस्त्रापास व युटिखिऑस यांनी आपली नावे योद्धा संतांच्या तलवारीवर व वस्त्रांवर बारीक अक्षरांत लिहून ठेवली आहेत. चित्रकाराने नाव मागे ठेवणे त्या काळी दुर्मीळच. मेणबत्त्यांच्या काजळीने काळवंडलेली चित्रे स्वच्छ केल्यावर त्यांतील गडद निळा आणि शोक करणाऱ्या स्त्रियांचे पिळवटलेले चेहरे पुन्हा दिसू लागले. कानेओ कड्यावरील सेंट जॉन चर्च सर्व छायाचित्रांत असते. त्याचा काळ मात्र निश्चित नाही. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध हे मत सामान्यतः स्वीकारतात.

तुर्की व आधुनिक काळ : चौदाव्या शतकाच्या अखेरीस ओटोमन सत्ता आली. क्लेमेंटच्या प्लाओश्निक येथील मठाची मशीद झाल्यावर त्याच्या अस्थी पेरिब्लेप्टॉसमध्ये नेल्या. म्हणून गावकरी त्या चर्चला ‘सेंट क्लेमेंट’ म्हणतात. २००२ मध्ये मठाचे चर्च जुन्या पायावर नव्याने बांधून अस्थी परत आणल्या. अवशेषांवर नवी इमारत उभी करण्यावर पुरातत्त्वज्ञांत मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. त्याच वर्षी किल्ल्याच्या दाराजवळील थडग्यात इ. स. पू. पाचव्या शतकातील सोन्याचा मुखवटा सापडला. १९१२ नंतर शहर सर्बियाकडे, पुढे यूगोस्लाव्हियाकडे आणि १९९१ पासून स्वतंत्र मॅसिडोनियाकडे आले. २००१ च्या मॅसिडोनियन-अल्बानियन संघर्षानंतरचा शांतता करार ‘ओह्रिद करार’ म्हणून ओळखला जातो. वाटाघाटी येथे झाल्या, सह्या स्कॉप्येत.

भेट : पाहण्याचा सोयीचा क्रम खालून वर नसून वरून खाली असा आहे. किल्ल्याच्या वरच्या दरवाजातून उतरत पेरिब्लेप्टॉस व प्रतिमासंग्रहालय, नाट्यगृह, प्लाओश्निक, मग पाइनच्या झाडीतून कानेओ आणि काठाने सेंट सोफिया. जुनी घरे लाकडी चौकटीची असून वरचे मजले गल्लीवर पुढे आलेले असतात. खाली जागा कमी आणि वर सरोवराचे दर्शन हवे, यातून ही रचना झाली. एकोणिसाव्या शतकातील रोबेव्ह कुटुंबाचे घर संग्रहालय आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार असते. १९६१ पासूनचा उन्हाळी संगीत महोत्सव याच काळात असतो. १९ जानेवारीला थिओफनीच्या (येशूच्या बाप्तिस्म्याच्या) सणात धर्मगुरू क्रूस सरोवरात टाकतो आणि तो काढण्यासाठी तरुण कडाक्याच्या थंडीत उड्या घेतात.

ओह्रिदचे ‘मोती’ हे शिंपल्यातून निघत नाहीत. शिंपल्याच्या मण्याला सरोवरातील ‘प्लाशित्सा’ या छोट्या माशाच्या खवल्यांपासून केलेल्या द्रवाचे थरावर थर देतात आणि प्रत्येक थर वाळू देतात. कृती घराण्यांत गुप्त राखली जाते. बाजारात नकलाही असतात. ट्राउट (स्थानिक ‘पास्त्र्मका’) अतिमासेमारीने घटल्याने पकडण्यावर बंदीची वेळ आली होती. त्यामुळे खानावळीत पाहुण्याने सरोवरातला मासा मागण्याचा आग्रह धरू नये.

नाउमचा मठ शहराच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी. वर, अल्बानियाच्या सीमेलगत आहे. हा मठ अल्बानियाचा की यूगोस्लाव्हियाचा, हा वाद राष्ट्रसंघाच्या काळातील स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत (१९२४) गेला होता. शहरातून बस व उन्हाळ्यात बोट जाते. नाउमच्या थडग्याला कान लावल्यास त्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, अशी श्रद्धा आहे. मठाच्या पलीकडे झऱ्यांचे छोटे तळे आहे. तेथे वल्ह्यांच्या होडीतून नेतात. पाणी इतके नितळ असते की तळाची पांढरी वाळू जागोजागी उकळत्या दुधासारखी वर उसळताना दिसते. त्यातील बरेच पाणी प्रेस्पाचे असते.